हाकेची पत

संध्याकाळी मयूर विहारमधील एखाद्या उद्यानात जाऊन पाहा. एखादे गृहस्थ आपल्या कुत्र्याला हाका मारीत असतात. प्रथम लाडाने, मग चढ्या आवाजात, शेवटी दातओठ खात. कुत्रा वीस हातांवर उभा राहून त्यांच्याकडे शांतपणे पाहत असतो, पण येत नाही. बघणारे म्हणतात, "भारीच हट्टी आहे हो!" चार वर्षांपूर्वी ते गृहस्थ म्हणजे मीच होतो. आज माझे मत असे आहे, की अशा वेळी दोष बहुधा हाक मारणाऱ्याचा असतो.

आमचा वाघ्या कारवानी जातीचा. सोलापूरकडच्या आप्तांनी तो पिल्लू असताना आम्हांला दिला. लांब पायांचा, निमुळत्या तोंडाचा हा शिकारी कुत्रा महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात पाळला जातो. याच कुळातील मुधोळ कुत्र्याची जोपासना मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी केली. २००५ साली त्याच्यावर टपाल तिकीट निघाले आणि २०१६ साली भारतीय सैन्याने या जातीची पिल्ले मीरतच्या आपल्या केंद्रात शिक्षणासाठी आणली. हा कुत्रा वासापेक्षा नजरेने शिकार करतो. माळावर ससा उठला, की धनी कोठल्या कोठे मागे राहतो. कोठे वळायचे, केव्हा झेप घ्यायची, हे कुत्र्यालाच ठरवावे लागते. ज्यांना हे साधले, तेच कुत्रे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले. अशा प्राण्याने दिल्लीत येऊन प्रत्येक हाकेला मेंढरासारखे परतावे, ही अपेक्षा कोणत्या न्यायाची?

एकदा फाटक उघडे राहिले आणि वाघ्या मांजरामागे नोएडा लिंक रोडच्या दिशेने सुटला. मी ओरडत मागे धावलो. त्याला वाटले असावे, मीही शिकारीत सामील झालो! तो अधिकच वेगाने पळाला. वाहनांच्या कडेपर्यंत जाऊन तो आपण होऊन परत आला आणि मी त्याला पट्ट्याचा एक रट्टा दिला. तो भीतीपोटी दिला, हे मला कळत होते; त्याला कसे कळावे? त्याच्या लेखी परत येण्याबद्दल मार मिळाला. पुढे कित्येक आठवडे हाक ऐकताच तो दोन पावले मागे सरकत असे.

मग विचार केला. आम्ही त्याला हाक मारत होतो ती आंघोळीसाठी, औषधासाठी, खेळ मोडून घरी नेण्यासाठी. अशा हाकेची पत राहणार कशी?

जुनी हाक बिघडली होती, म्हणून मी शिट्टी घेतली. शिट्टीत राग उतरत नाही. प्रथम घरात दोन पावलांवरून, मग जिन्यात, नंतर उद्यानात लांब दोरी बांधून सराव केला. शिट्टी एकदाच वाजवायची. आला, की कलेजीचा तुकडा द्यायचा आणि बहुतेक वेळा पुन्हा मोकळे सोडायचे. कारण त्याला मोकळेपणाहून मोठे बक्षीस नाही. आंघोळ घालायची असेल, तर आपणच उठून त्याच्यापाशी जायचे. पळालाच, तर पाठलाग न करता उलट दिशेला धावायचे. उशिरा आला तरी रागवायचे नाही. हे मला सर्वांत जड गेले.

शेजारचे काका म्हणतात, "ही तर लाच झाली." मला ते पटत नाही. लाच काम होण्याआधी दाखवतात. माझा तुकडा तो आल्यावरच खिशातून निघतो. त्याला मजुरी म्हणावे. मात्र रस्त्यालगत मी आजही दोरी सोडत नाही. समोरून मांजर धावले, तर शिट्टीचे काय होईल, याची हमी मी देणार नाही.

काल उद्यानात खार दिसली. मी शिट्टी वाजवली. वाघ्या थबकला, खारीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. खार झाडावर चढेपर्यंत थांबला आणि मग आला. मी त्याला तुकडा दिला.