बेस्ट जगवायची तर पालिकेला जाब विचारा

सकाळी ऑफिसच्या वेळेला कुर्ला स्टेशनच्या पश्चिमेला 310 नंबरची रांग बघून या. गळ्यात कंपनीचं कार्ड, पाठीवरची बॅग पोटाशी धरलेली. बस लागते, बघता बघता दारापर्यंत भरते आणि उरलेली रांग तिथंच ताटकळते. शेजारी शेअर रिक्षावाले ‘बीकेसी, बीकेसी’ करत असतात. घड्याळ बघून चार जण तिकडे वळतात, मग आणखी चार. पुढे हीच माणसं ‘प्रवासी घटले’ म्हणून अहवालात नोंदली जातात.

घटल्या आहेत त्या बस. दीड दशकापूर्वी बेस्टकडे, म्हणजे मुंबईच्या बससेवेकडे, चार हजारांहून जास्त गाड्या होत्या. 2025 मध्ये भाड्याच्या धरूनही तीन हजार भरत नव्हत्या. स्वतःच्या 3,337 बस राखू, असं 2019 मध्ये कामगार संघटनेशी झालेल्या करारात मान्य केलं होतं. सहा वर्षांत स्वतःच्या गाड्या हजाराच्याही खाली आल्या. बाकीच्या कंत्राटदाराच्या. गाडी त्याची, चालक त्याचा, पैसे किलोमीटरप्रमाणे. परवडेनासं झालं की तो गाशा गुंडाळतो, आणि पगारासाठी त्याचे चालक संपावर गेले की, ऑगस्ट 2023 मध्ये झालं तसं, शेकडो गाड्या आगारातच उभ्या राहतात. थांब्यावरचा माणूस शिव्या मात्र बेस्टला घालतो.

बेस्ट तोट्यात आहे, हे ऐकून आपले कान किटलेत. बस तोट्यातच चालते हो! पूर्वी विजेच्या कमाईतून ती तूट भरून निघायची. तो मार्ग बंद झाला, तेव्हा भार मालकाने उचलायला हवा होता. मालक म्हणजे मुंबई महानगरपालिका. 7 ऑगस्ट 1947 रोजी पालिकेने ही कंपनी ताब्यात घेतली, ती शहराची वाहतूक शहराच्या हातात असावी म्हणून. त्याच पालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार कोटींच्या वर होता आणि त्यात बेस्टला अनुदान मिळालं एक हजार कोटी. किनारी रस्त्यावर 13 हजार कोटींहून अधिक खर्च झाला, तिथे कुणी नफ्या-तोट्याचा हिशेब मागितला नाही. बसकडून मात्र मागितला आणि मे 2025 मध्ये पाच रुपयांचं तिकीट दहा रुपयांचं झालं. घरकामाला दोन बस बदलून जाणाऱ्या बाईच्या महिन्याच्या हिशेबात याचं काय होतं, ते तिलाच विचारा.

आता नजर आगारांवर आहे. जमिनींचा व्यापारी विकास करून पैसा उभा करू, अशी भाषा चालू आहे. विजेवरच्या बसला रात्री उभं राहायला आणि चार्ज व्हायला जागा लागते. आगारावर टॉवर उठले, तर उद्या पैसा येऊनही बस ठेवणार कुठे?

15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईची पहिली बस धावली. शताब्दीचे हारतुरे, जुन्या डबलडेकरचे फोटो, आठवणींचे गळे काढणं, हे सगळं आपण हौसेने करू. त्यातला निम्मा उत्साह तरी मागणीत उतरू द्या. तुम्ही गाडीवाले असलात तरी, कारण सिग्नलला तुमच्यापुढे असलेल्या रिक्षांतले आणि दुचाकींवरचे कित्येक जण बस मिळाली असती तर बसमध्ये असते.

पालिकेचा अर्थसंकल्प सहसा फेब्रुवारीत मांडला जातो. त्याआधी सोसायटीच्या, चाळीच्या, कॉलेजच्या नावाने नगरसेवकाला आणि आयुक्तांना पत्र द्या. बसची तूट रस्ते-पाण्यासारखी पालिकेच्याच अर्थसंकल्पात धरा, कबूल केलेल्या स्वतःच्या बस विकत घ्या, आगाराची इंचभर जागाही बसखेरीज कशाला देऊ नका, मोठ्या रस्त्यांवर बसला वेगळी मार्गिका द्या, एवढं त्यात असू द्या. सोबत आपला थांबा, बसचा नंबर आणि गेल्या आठवड्यात किती वेळ थांबावं लागलं ते लिहा. पोच घ्यायला विसरू नका, आणि महिनाभरात उत्तर आलं नाही तर तीच पोच घेऊन वॉर्ड ऑफिसात पुन्हा जा, या वेळी थांब्यावरच्या दहा जणांना सोबत घेऊन.