शेठ गेला की संघ गेला

क्लब डबघाईला आला की आपल्याकडे उपाय ठरलेला: कुणीतरी मोठा शेठ गाठा. फुटबॉल महागडा, तिकिटांवर भागत नाही, टीव्हीचा पैसा तुटपुंजा. मग उद्योगपतीने हात दिल्याशिवाय संघ तगेल कसा? हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. भारतीय फुटबॉलचा गाडा कित्येक दशके उद्योगसमूहांनीच ओढला. पण कुठवर ओढला?

फगवाड्याचा जेसीटी 1996-97 च्या पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता. 2011 मध्ये तो बंद झाला. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची लीग जिंकली आणि 2010 मध्ये मालकांनी संघ मोडायचे ठरवले. कंपनी काही बुडाली नव्हती. दारात पैसा असूनही क्लब मेला, कारण तो पैसा क्लबचा नव्हताच. मालकाने मन बदलले आणि खेळ आटोपला. शेठ हवाच म्हणणाऱ्यांनी आधी याचे उत्तर द्यावे.

दुसरा ठेवणीतला मुद्दा असा, की आधी भारी खेळाडू आणा, जिंका, मग प्रेक्षक आणि जाहिरातदार आपोआप येतील. 2014 साली इंडियन सुपर लीगबरोबर (आयएसएल) बालेवाडीत एफसी पुणे सिटी अवतरला. सिनेतारे, झगमगाट, सगळे होते. 2019 मध्ये तो गुंडाळला गेला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला मिळाली. हैदराबादने मार्च 2022 मध्ये गोव्यातल्या फातोर्ड्यावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून चक्क विजेतेपद पटकावले. यापेक्षा जास्त जिंकायचे ते काय! पण पुढच्या दोन वर्षांत पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले आणि 2025 मध्ये संघाचे बिऱ्हाड दिल्लीला हलले, नावही बदलले. करंडक जिंकल्याने पगार भागत नाहीत. उलट जिंकलेल्या खेळाडूंचे भाव मात्र वाढतात.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. क्लब लोकांच्या हाती द्या म्हटले, की मराठी माणूस साखर कारखान्यांकडे बोट दाखवतो. सहकार म्हणे, आणि सभासदांच्या नावावर सात पिढ्यांची सोय! बार्सिलोना सभासदांच्याच मालकीचा, तरी 2021 मध्ये त्याच्यावर एक अब्ज युरोंहून अधिक देणे होते. कबूल. मालकी लोकांची असली म्हणून हिशेब सरळ होतो असे नाही. पण हॅम्बुर्गचा सांक्ट पाउली बघा. 2003 मध्ये दिवाळखोरीच्या दारात उभा असलेला हा क्लब चाहत्यांनी टी-शर्ट विकत घेऊन तगवला. याच क्लबने पुढे सहकारी संस्था काढली, 850 युरोंना एक भाग विकला आणि वीस हजारांहून अधिक सभासदांकडून अडीच कोटी युरोंवर रक्कम उभी केली. ती कशासाठी? स्ट्रायकर आणायला नव्हे, आपल्याच स्टेडियमच्या मालकीसाठी. बार्सिलोनात पगारांनी उत्पन्न खाल्ले. इथे लोकांचा पैसा जमिनीवर, भिंतींवर गेला. फरक मालकीत नाही, खर्चाच्या रकान्यात आहे.

माझे म्हणणे एवढेच, की पगार भागावेत ते क्लबच्या खात्रीच्या उत्पन्नातून: तिकिटे, वर्गणी, मैदानाचे भाडे, लेखी करारातली जाहिरात. देणगीदाराचा पैसा जरूर घ्यावा, पण तो मैदान, पोरांचे संघ आणि प्रशिक्षक यांवर घालावा. उद्या देणगीदार निघून गेला तरी मैदान मागे उरते. युरोपातही आता शहाणपण आले आहे: युरोपची फुटबॉल संघटना यूएफाने आपल्या स्पर्धांतल्या क्लबांचा संघावरचा खर्च उत्पन्नाच्या 70 टक्क्यांवर आणून बांधला. आधी 90, मग 80, मग 70.

गोव्याचा धेंपो यासाठीच बघण्यासारखा. पाच वेळा देशाचा विजेता असलेला हा क्लब 2016 मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्याच क्लबांच्या जोडीने आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला. आयएसएलला वरचे पान वाढून आपल्याला खालच्या पंगतीत बसवणार, ही तिघांची तक्रार रास्तच होती. पण धेंपोने पोरांचे फुटबॉल थांबवले नाही. 2024 मध्ये तो खालच्या श्रेणीतून खेळत आय-लीगमध्ये परतला. इथेही मागे शेठच आहे, हे मी लपवत नाही. मात्र त्याचा पैसा नुसत्या पगारांत गेला असता तर 2016 नंतर परतायला उरले काय असते?

आणि आपले कोल्हापूर? पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस ही नावे निघाली की शाहू स्टेडियम भरते. तालमींमधून आलेले हे संघ कुणा कंपनीचे नाहीत, पेठांचे आहेत. सामन्याच्या दिवशी गॅलरीत पोरे पेठेचे झेंडे घेऊन दुपारपासून ठाण मांडतात. अनिकेत जाधवसारखा 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला पोरगा याच शहरातला. प्रेक्षक इथले, खेळाडूही इथले, म्हणजे उत्पन्नाचे मूळ पायाशीच आहे. तरी गेली काही वर्षे इथेही बाहेरचे, अगदी आफ्रिकेतलेही खेळाडू मानधनावर आणायची चढाओढ लागली आहे. पेठेतल्या एखाद्या नेत्याने शब्द टाकला की बोली वाढते. निवडणूक सरली की तो शब्द कुठे जातो, हे मंडळाच्या खजिनदाराला विचारा. उधारीचे पोते सव्वा हात रिते.

म्हणून इथले सामने भरवणाऱ्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने पुढच्या हंगामाच्या नोंदणीला खेळाडूंच्या यादीबरोबर मानधनाचा तक्ता आणि तेवढ्या रकमेचा बँकेचा दाखलाही मागावा. ज्याच्याकडे दाखला नाही त्याने पेठेतलीच अकरा पोरे उतरवावीत. तालमी कुरकुरतील, एखादा मोठा संघ पहिल्या वर्षी साखळीत मागे पडेल. पडू दे.