कृष्णधवल शहर : काय उरते, काय गाळले जाते

मुंबईवरचे कोणतेही चर्चासत्र असो, त्याच्या निमंत्रणपत्रिकेवर एखादे कृष्णधवल छायाचित्र हटकून असते. लोकलच्या दारात लोंबकळणारी माणसे, पावसात हातगाडी ओढणारा कोणी, फुटपाथवर निजलेले मूल. छायाचित्रकाराचे नाव बहुधा नसते, सालही नसते. चित्रात रंग नाही एवढ्यावरच ते वास्तवदर्शी आहे असे आपण धरून चालतो. शब्द साधे आहेत म्हणून कथा खरी आहे, असे एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले तर आपण त्याला गुण देणार नाही. छायाचित्रासमोर मात्र आपली समीक्षाबुद्धी रजेवर जाते. आमचे म्हणणे असे की, रस्त्यावरच्या रोजच्या जगण्याचे कृष्णधवल छायाचित्र ही एक संहिता आहे. तिच्यातही निवड आहे, गाळणे आहे, दृष्टिकोन आहे. तिच्या करडेपणाला सत्याचा दाखला समजण्याचे कारण नाही.

हा समज आला कोठून? बराचसा तो सोयीतून आला. कृष्णधवल फिल्म घरातल्या न्हाणीघरात अंधार करूनही धुता येई; रंगीत फिल्मसाठी प्रयोगशाळा हवी, आणि पैसेही. वर्तमानपत्रे कित्येक दशके काळ्या शाईतच छापली जात. त्यामुळे बातमीचा रंग करडा आणि जाहिरातीचा रंग भडक, अशी वाटणी वाचकाच्या मनात पक्की झाली. कलेच्या जगातही हाच सोवळेपणा होता. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 1976 साली विल्यम एगलस्टन यांच्या रंगीत छायाचित्रांचे प्रदर्शन भरले, तेव्हा त्यावर कडाडून टीका झाली. तात्पर्य, कृष्णधवलाची प्रतिष्ठा ही इतिहासाने घडवलेली गोष्ट आहे. ती माध्यमाच्या स्वभावात नाही.

या प्रतिष्ठेला भारतातून सर्वांत ठाम आव्हान दिले ते रघुबीर सिंह (1942–1999) यांनी. ते आयुष्यभर रंगातच काम करीत राहिले. 1994 सालचे त्यांचे मुंबईवरचे पुस्तकही रंगीतच आहे. 1998 साली आलेल्या 'रिव्हर ऑफ कलर'मध्ये त्यांनी मांडलेल्या भूमिकेचा सारांश असा : भारतीय दृष्टी मुळात रंगातूनच पाहते, कृष्णधवलामागे जो परात्मभाव आणि जी विषण्णता आहे ती पाश्चात्त्य आधुनिकतेची आहे, आपली नव्हे. हे विधान मोहक आहे, आणि पहिला अर्धा भाग विचार करायला लावणाराही आहे. पण मराठीच्या अभ्यासकाला उरलेला अर्धा भाग ओळखीचा वाटल्याशिवाय राहणार नाही. 1947 साली मर्ढेकरांच्या 'काही कविता' आल्या, तेव्हा नवकवितेवर नेमका हाच आरोप झाला होता : ही निराशा उसनी आहे, ती एलियटकडून आणली आहे. त्यावर मिळालेले उत्तर आज सर्वमान्य आहे. गिरणीच्या भोंग्यावर उठणारे, घड्याळाच्या काट्यावर धावणारे शहर मुंबईतच उभे होते. ती विषण्णता बाहेरून मागवण्याची गरज नव्हती. मर्ढेकरांना जो न्याय आपण दिला तो कृष्णधवल छायाचित्रालाही द्यावा लागेल. परात्मतेचा मक्ता पश्चिमेकडे नाही.

रघु राय यांचे 1995 सालचे चर्चगेट स्थानकाचे छायाचित्र या संदर्भात पाहण्याजोगे आहे. कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा ठेवलेला असल्यामुळे चालणारी गर्दी वाहत्या धुरासारखी पुसट झाली आहे. वर्तमानपत्र वाचणारी काही माणसे तेवढी स्थिर, स्पष्ट उरली आहेत. एकाच चौकटीत शहराचे दोन काळ आहेत : धावणाऱ्याचा आणि थांबलेल्याचा. हेच चित्र रंगीत असते तर शर्टांचे, पिशव्यांचे, फलकांचे रंग डोळ्याला खेचत राहिले असते आणि गतीचा मुद्दा मागे पडला असता. येथे रंग गाळणे हा आशयाचाच भाग आहे. कवीने विशेषण वगळावे आणि ओळ उभी राहावी, तसे.

पण प्रत्येक वेळी असे होत नाही. आमच्या मते खरा पेच येथून पुढे आहे. कृष्णधवल फिल्मवर वेगवेगळे रंग करड्याच्या जवळजवळ एकाच छटेत येऊ शकतात. बसचा लाल आणि झाडाचा हिरवा एकसारखा दिसला तर बिघडले काय, असे कोणी म्हणेल. मग झेंड्यांचे काय? मुंबईच्या नाक्यावर निळा झेंडा आहे की भगवा, की लाल, यावर त्या नाक्याचा अर्धा इतिहास अवलंबून असतो. 6 डिसेंबरला चैत्यभूमीकडे निघालेल्या लोकसागरातला निळा रंग ही सजावट नव्हे. ते विधान आहे. ते करड्यात बुडवले की उरते ती नुसती गर्दी : निनावी, सोशीक, 'गरीब'. ज्या माणसांनी आपली ओळख मोठ्या संघर्षाने एका रंगात जाहीर केली, त्यांची ती ओळख छायाचित्रकाराच्या अभिरुचीने पुसून टाकावी, ही लहान गोष्ट नाही. बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963) पासून ढसाळांच्या 'गोलपिठा' (1972) पर्यंतचे साहित्य ज्या अनामिकतेविरुद्ध उभे राहिले, तीच अनामिकता त्या साहित्यावरच्या चर्चासत्राच्या पत्रिकेवर 'वास्तव' म्हणून छापली जाते. यातला विरोधाभास आयोजकांच्या लक्षात येऊ नये याचे आम्हांला आश्चर्य वाटते.

दुसरा प्रश्न पाहणाऱ्याच्या हक्काचा. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या 1952 सालच्या पुस्तकाच्या इंग्रजी नावावरून 'निर्णायक क्षण' हा शब्दप्रयोग आपल्याकडे रूढ झाला. मूळ फ्रेंच नाव मात्र 'इमाज आ ला सोव्हेत'. परवाना नसलेला फेरीवाला पोलीस दिसताच गाशा गुंडाळण्याच्या तयारीने जसा घाईत, चोरून माल विकतो, त्याला फ्रेंचमध्ये 'आ ला सोव्हेत' म्हणतात. म्हणजे घाईघाईत, नजर चुकवून घेतलेली चित्रे. इंग्रजी नावात छायाचित्रकार क्षणाचा स्वामी होतो. फ्रेंच नावात तो रस्त्यावरचाच एक बिनपरवाना माणूस असतो. आम्हांला हे दुसरे नाव अधिक प्रामाणिक वाटते. महापालिकेची गाडी येताच टोपली उचलून पळणारी बाई ज्याने पाहिली आहे, त्याला त्यातला नेमका अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. फरक एवढाच की बाईची टोपली जप्त होते. छायाचित्रकाराची चौकट दालनात लागते.

म्हणून मुंबईकरांनीच दीर्घकाळ केलेले काम आम्हांला मोलाचे वाटते. सूनी तारापोरवाला यांचे 'होम इन द सिटी' 1976 ते 2016 अशा चाळीस वर्षांचे शहर दाखवते. केतकी शेठ यांचे 'बॉम्बे मिक्स' 2007 साली आले. दोन्ही पुस्तके कृष्णधवल आहेत. त्याच तारापोरवालांनी 'सलाम बॉम्बे!' (1988) या रंगीत चित्रपटाची पटकथा लिहिली, आणि शेठ पुढे 'फोटो स्टुडिओ'मध्ये रंगाकडे वळल्या. म्हणजे या दोघींसाठी करडा हा धर्म नव्हता. तो निर्णय होता. अशा कामांत शहराच्या बदलाची नोंद साचत जाते, आणि पुन्हापुन्हा त्याच रस्त्यांवर येणाऱ्या नजरेला उत्तरदायित्वही येते.

आज हा निर्णय फार स्वस्त झाला आहे. फोन रंगीत चित्र घेतो आणि बोटाच्या एका स्पर्शाने रंग टाकून देतो. 2012 साली लायकाने केवळ कृष्णधवल चित्रे घेणारा डिजिटल कॅमेरा काढला, तेव्हा रंगाचा त्याग ही महागडी चैनही झाली. पूर्वी फिल्म भरतानाच छायाचित्रकार करड्यात विचार करू लागे. आता विचार आधी होतो की गांभीर्य मागाहून चढवले जाते, हे चित्र पाहूनच ठरवावे लागते.

ते ठरवण्याची कसोटी अवघड नाही. येथे रंग गेल्यावर काय उजळले आणि काय मेले? चित्र कोणी, कोठे, कोणत्या साली घेतले? चौकटीतल्या माणसाला ते दाखवले तर तो स्वतःला ओळखेल काय? सुर्व्यांच्या 'माझे विद्यापीठ' (1966) ला ज्या विभागांत अभ्यासक्रमात स्थान मिळाले, तेथे हे प्रश्न परके ठरू नयेत. रस्ता हे विद्यापीठ आहे हे तेथे मान्य झालेलेच आहे. पुढच्या निमंत्रणपत्रिकेवर निदान छायाचित्रकाराचे नाव आणि साल छापावे, आणि ते सापडत नसेल तर ती जागा कोरी ठेवावी. कोऱ्या जागेने कोणाची ओळख पुसली जात नाही.