सामानापाशी राहिलेले

दावीद राजा म्हटला की गोफण आठवते. समोर धिप्पाड गल्याथ, इकडे मेंढपाळाचा पोर, एक दगड आणि खेळ खलास. नेतृत्वावर व्याख्याने देणारी मंडळी तिथूनच सुरुवात करतात. नोकरीत असताना अशी व्याख्याने मी बरीच ऐकली. बहुतेक दुपारच्या जेवणानंतर, पंख्याखाली. माझी आणि या राजाची खरी ओळख झाली ती मात्र निवृत्तीनंतर, बसोर नावाच्या एका ओढ्याकाठी.

दावीद अजून राजा व्हायचा होता. शौल राजाच्या धाकाने परागंदा होऊन तो पलिष्ट्यांच्या आश्रयाने सिकलागला राहत होता. बरोबर ६०० माणसे. निवडक सैनिक वगैरे नव्हेत. सुरुवातीला त्याच्याभोवती जमले ते गांजलेले, कर्जबाजारी, जिवाला विटलेले लोक. (‘कर्जबाजारी’ वाचून मी जुन्या सवयीने जरा सावरून बसलो.) एकदा ही माणसे घरी परततात, तर गाव जळून राख आणि बायकामुले अमालेक्यांनी पळवून नेलेली. दावीदाच्या दोन्ही बायकाही त्यांत होत्या. माणसे रडून रडून थकली आणि मग त्यालाच दगडांनी ठेचण्याची भाषा करू लागली. तरीही त्याने त्यांना पाठलागाला उभे केले.

बसोरपाशी २०० जणांचे पाय चालेनात. ते सामानापाशी थांबले, ४०० पुढे गेले. सगळी माणसे सुटली, वर लूटही हाती आली. परतल्यावर पुढे गेलेल्यांतले काही म्हणू लागले, मागे राहिलेल्यांना त्यांची बायकापोरे द्या आणि वाटेला लावा. लुटीत वाटा कसला? दावीदाने ऐकले नाही. लढणाऱ्याचा आणि सामान राखणाऱ्याचा वाटा सारखाच, असा निवाडा त्याने दिला. पुढे इस्राएलात तो नियमच झाला.

१९९४ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. मार्चअखेरची कर्जवसुली. आम्ही चौघे जीपने वाड्यावस्त्या पालथ्या घालत होतो. शाखेत हेडकॅशियर होते. गुडघे अधू, निवृत्तीला वर्ष उरलेले. आम्ही आणलेली रोकड रात्री नऊ-नऊपर्यंत मोजून घ्यायची, तिजोरी बंद झाल्याशिवाय जागचे हलायचे नाही, हे त्यांचे काम. वरून शाबासकीचे पत्र आले आणि बक्षिसाची थोडी रक्कम. नावे मी कळवायची होती. मी जीपमधल्या चौघांची कळवली. रक्कम मोजून पाकिटांत घालून देण्याचे काम अर्थातच हेडकॅशियरांकडे आले. माझे पाकीट देताना त्यांनी व्हाऊचर पुढे सरकवले आणि म्हणाले, “साहेब, इथं सही.”

वर्षभराने त्यांच्या निरोपसमारंभात मी भाषण केले. छान झाले, असे सगळे म्हणाले.

दावीदाची तसबीर करून भिंतीवर टांगायची मात्र माझी तयारी नाही. राजा झाल्यावर त्याचे सैन्य राब्बाला वेढा घालून बसले होते आणि हा यरुशलेमात घरी. तेव्हाच त्याने उरीया नावाच्या आपल्या सैनिकाची बायको बथशेबा हिला बोलावून घेतले. तिला दिवस गेले. तेव्हा उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मागे सरा, असे पत्र त्याने सेनापती यवाबाला धाडले. तेही उरीयाच्याच हाती. बसोरवर निवाडा देणारा तो हाच! नाथान संदेष्ट्याने येऊन फिर्याद मांडली, की एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी पाहुण्यासाठी कापली. राजा संतापला, शिक्षा सुनावून मोकळा झाला आणि मग कळले की आरोपी आपणच. त्याने नाथानाची कुठे बदली केली नाही. गुन्हा कबूल केला. त्याने भोग मात्र चुकले नाहीत. ते मूल दगावले, पुढे पोटच्या अबशालोमाने बंड केले.

हे सारे शमुवेलाच्या पुस्तकात आहे. ‘इतिहास’ नावाच्या पुस्तकात हीच कारकीर्द पुन्हा येते, पण बथशेबेचे प्रकरण तिथे गाळले आहे. एक तपासणी-अहवाल, दुसरा वार्षिक अहवाल! आयुष्यभर दोन्ही वाचल्यामुळे फरक चटकन कळतो.

२००३ साली मी हेडकॅशियरांच्या गावी गेलो. ते वारले होते. मुलाने चहा केला. म्हणाला, “बाबा तुमच्या भाषणाबद्दल नेहमी सांगायचे.” बक्षिसाचे त्यांनी घरी कधी काढले नसावे. मीही काढले नाही.