खेळ बदलला, साधना नाही



मुलगा सामना हरून घरी आला, म्हणजे आपण त्याला धीर देतो. पण हाती घेतलेला खेळच सोडावा असे त्याने म्हटले, तर आपणच अस्वस्थ होतो. अशा वेळी नंदू नाटेकर यांचे चरित्र आठवावे.

सांगलीस १९३३ साली जन्मलेले नाटेकर आरंभी टेनिस खेळत. कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेत रामनाथन कृष्णन यांच्याकडून पराभव झाल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले. खेळ बदलला, परंतु साधना सुटली नाही. १९५४ मध्ये त्यांनी ऑल इंग्लंड स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली. १९५६ मध्ये क्वालालंपूर येथे सेलांगोर स्पर्धा जिंकून, आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. थॉमस चषकाच्या सोळा एकेरी सामन्यांपैकी बारा त्यांनी जिंकले. राष्ट्रीय एकेरीचे अजिंक्यपद सहा वेळा मिळविले. मनगटाच्या किंचित हालचालीने फूल जाळ्यालगत अलगद उतरविणारा त्यांचा फटका पाहणे हा रसिकांना आनंद असे. १९६१ साली अर्जुन पुरस्काराचा आरंभ झाला, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत ते होते.

२०२१ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव गौरव यांनी मात्र टेनिसच पत्करले आणि १९९६ चा अर्जुन पुरस्कार मिळविला. पित्याने सोडलेला खेळ पुत्राने आपला मानला. घरात त्यास आडकाठी झाली नाही.

तेव्हा मूल खेळ बदलू म्हणेल, त्या दिवशी एवढेच पाहावे: ते कष्टांना कंटाळले आहे, की त्याला आपली वाट सापडली आहे?