रवींद्रनाथांच्या नावानं चांगभलं!

शाळेच्या बक्षीस समारंभात हटकून हाती पडणारा तो जाडजूड इंग्रजी ग्रंथ आमच्या वाचकांनी पाहिलाच असेल. मुखपृष्ठावर शुभ्र दाढीतले ऋषितुल्य रवींद्रनाथ आणि वर सोनेरी अक्षरांत ‘समग्र’! रवींद्रनाथांनीच स्थापलेल्या विश्वभारतीने १९३९ पासून छापायला घेतलेल्या बंगाली ‘रवींद्र-रचनावली’चे खंड पंचविसाच्या पुढे गेले, इथे मात्र अख्खे रवींद्रनाथ एका काखेत मावतात. बंगालीत ज्यांना कपाट लागते, त्यांना इंग्रजीत पिशवी पुरते. याला आम्ही चमत्कार म्हणत नाही, लबाडी म्हणतो.

लबाडीचे मूळ लंडनला आहे. १९३६ साली मॅकमिलनने रवींद्रनाथांच्या कविता आणि नाटके यांचा संग्रह काढला. त्यात ना प्रस्तावना, ना मूळ बंगाली शीर्षके, ना कोणा अनुवादकाचे नाव. जणू कोलकात्यातल्या जोडासांकोच्या ठाकूर वाड्यात हा कवी जन्मापासून इंग्रजीतच गात होता! ‘डाकघर’ नाटक इंग्रजीत आणले देवव्रत मुखर्जी यांनी. या संग्रहात त्यांना कोपराभर जागा मिळाली नाही. ‘राजा’ नाटकाच्या अनुवादाचे कष्ट क्षितीशचंद्र सेन यांचे, पण १९१४ मध्ये तो बाजारात आला खुद्द कवीच्या नावावर. ‘विसर्जन’ हे पाच अंकी पद्यनाटक. इंग्रजीत येताना त्याचे पद्य गेले, अंक गेले, उरला गद्याचा सांगाडा. १९१२ च्या ज्या इंग्रजी ‘गीतांजली’पुढे युरोप नतमस्तक झाला, तिच्या १०३ कवितांपैकी बंगाली ‘गीतांजली’तल्या अवघ्या ५३. बाकीच्या ‘नैवेद्य’, ‘खेया’, ‘गीतिमाल्य’ अशा संग्रहांतून वेचलेल्या, आणि ‘नैवेद्या’तल्या दोन कवितांना टाका घालून एकच केलेली. कवीने आपल्या कवितेचे काय करावे हा त्याचा अधिकार. पण ते वाचकाला सांगायला कोणाची जीभ झडली होती?

सांगितले नाही, कारण सांगणे परवडणारे नव्हते. १९१३ च्या नोबेलनंतर पौर्वात्य साधूचा माल तडाखेबंद खपत होता. त्या साधूला एक भाषा आहे, तिला छंद आहेत, तिच्यात त्याने थट्टा केली, भांडणे केली, राजकारणावर कोरडे ओढले, हे गिऱ्हाइकाला कळले असते तर धुपाचा वास उडाला असता. अनुवादकाचे नाव म्हणजे मूळ भाषेचा साक्षीदार, आणि लबाडीच्या धंद्यात साक्षीदार आधी हाकलतात. कवीलाही आम्ही सोडणार नाही. आपल्याच कवितांचे इंग्रजी करताना आपण अवघड जागा टाळल्या, ही कबुली त्यांनी १९२१ साली आपले इंग्रज चरित्रकार एडवर्ड टॉमसन यांना पत्रातून दिली. आणि पंधरा वर्षांनी तेच अनुवाद जाड बांधणीत जगापुढे जाऊ दिले.

आता आमचे स्वदेशी विश्वस्त! हक्क विश्वभारतीकडे राहावेत म्हणून १९९१-९२ मध्ये देशाचा कायदा वाकवून लेखकाच्या मृत्यूनंतरच्या स्वामित्वहक्काची मुदत पन्नासाची साठ वर्षे केली. २००१ अखेर ती मुदतही सरली. इतक्या वर्षांत मुळाशी इमान राखणारे समग्र इंग्रजी रवींद्रनाथ काही उभे राहिले नाहीत. हक्क सुटताच मात्र जुन्याच भाषांतरांवर नवे सोनेरी वेष्टण चढवणाऱ्यांची झुंबड उडाली. अज्ञानाची सबबही त्यांना नाही. विल्यम रॅडिचे यांनी १९८५ मध्ये, केतकी कुशारी डायसन यांनी १९९१ मध्ये बंगालीतून नव्याने अनुवाद करून, आपले नाव लावून, टिपा देऊन दाखवले. साहित्य अकादमीने १९९४ पासून शिशिरकुमार दास यांच्या संपादनात रवींद्रनाथांचे इंग्रजी लेखन रीतसर छापले. चांगले रवींद्रनाथ मिळतात. पण त्यासाठी कष्टाचे दाम मोजावे लागतात, आणि फुकटच्या मालावर ‘समग्र’ची चिठ्ठी चिकटवायला नुसती खळ पुरते.

मराठी माणसाने यावर फार हसू नये. मामा वरेरकरांनी कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्याय थेट बंगालीतून मराठीत आणले, पु. ल. पन्नाशीत बंगाली गिरवायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले. त्याच महाराष्ट्रात इंग्रजी रवींद्रनाथांचे मराठी करायचे आणि मुखपृष्ठावर बेधडक ‘मूळ लेखक: रवींद्रनाथ टागोर’ छापायचे, हा उद्योगही चालतो. उष्ट्याला प्रसाद म्हणायचे, ते असे.

वाचकहो, पुढच्या बक्षीस समारंभासाठी तो ठोकळा हाती घ्याल तेव्हा मुखपृष्ठावरच्या दाढीला नमस्कार करून आतले पहिले पान उघडा. तिथे अनुवादकाचे नाव नसेल, तर ग्रंथ मिटून दुकानदाराच्या हाती परत द्या.