बर्फ वर सरकला, पर्यटकही

दिवाळी सरली की जळगाव-धुळ्यात काश्मीर, मनालीच्या सहलींची नोंदणी सुरू होते. तारखा ठरतात त्या मुलांच्या नाताळच्या सुट्टीवर. बर्फ मात्र सुट्ट्या पाहून पडत नाही.

भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे काश्मीर-हिमाचलात हिमवृष्टी होते. ते क्षीण झाले किंवा उशिरा आले, की उतार कोरडे राहतात. जानेवारी २०२४ मध्ये, कडाक्याच्या थंडीच्या ‘चिल्लई कलां’त, गुलमर्गचे स्कीचे उतार बोडके होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फाअभावी तिथल्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या.

हॉटेलवाले, घोडेवाले, स्की-प्रशिक्षक यांचे नुकसान दिसते. पर्यटकांच्या प्रकृतीबद्दल मात्र कोणी बोलत नाही. पायथ्याशी बर्फ नसला की पर्यटक तो शोधत आणखी वर जातो. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तिथला गोंडोला थेट सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. तिथे समुद्रसपाटीच्या तुलनेत जेमतेम ६० टक्के प्राणवायू मिळतो. दोन-अडीचशे मीटरवर राहणारे शरीर एक-दोन दिवसांत त्याला सरावत नाही.

धडधाकट माणसाचे डोकेदुखी, मळमळीवर निभावते. हृदयविकार, दमा किंवा तीव्र रक्तक्षय असलेल्यांना ही उंची धोक्याची ठरू शकते. खानदेशात आणखी एक काळजी आहे, सिकलसेलची. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार बराच आढळतो. थंडी आणि कमी प्राणवायू, दोन्हींमुळे रुग्णाला असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. एरवी ठणठणीत असलेल्या वाहकालाही अशा उंचीवर क्वचित प्लीहेचा गंभीर त्रास होतो. तपासणी न झालेल्याला तर आपण वाहक आहोत हेच माहीत नसते.

म्हणून सहल कंपन्यांनी बर्फाची हमी देण्याऐवजी नोंदणीच्या वेळीच हृदय, श्वसन आणि सिकलसेलबद्दल विचारावे. गोंडोलाचा वरचा टप्पा ऐच्छिक ठेवावा, तोही पोहोचल्याच्या दिवशी नको. पर्यटकांनी नेहमीची औषधे जवळ ठेवावीत, मद्य टाळावे. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा उलट्या थांबेनात, तर ताबडतोब खाली उतरावे. प्राणवायूची नळकांडी हा त्याला पर्याय नव्हे.

ज्यांना जमेल त्यांनी सहल जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत न्यावी. तेव्हा खालीच बर्फ मिळण्याची शक्यता अधिक असते. तेव्हाही नसला, तर चिनार आणि दल सरोवर पाहून परतावे. त्यात कमीपणा नाही.